दाजींची हार

साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं आमच्या दाजींना जन्मात जमलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नंदुरबारात एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. गिऱ्हाइकानं "काय भाव?" विचारलं, की हे चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "मनातला का बाजारातला?" ताईनं "पान वाढू का?" म्हटलं, की "खायचं, जेवायचं, का पुस्तकाचं?" तोवर आमटी गार. या साऱ्याचं मूळ होतं रेल्वेनं येणाऱ्या एका साप्ताहिकातलं शब्दकोडं. एकाच शब्दाचे दोन अर्थ गुंफलेलं सूत्र अडलं, की दाजी या जगातून उठत. मिरच्या वाळायच्या दिवसांत सगळं गाव शिंकायचं. दाजींचं म्हणणं असं, की जिभेवर आलेला शब्द नेमका शिंकेबरोबर उडून जातो. म्हणून ते नाक चिमटीत धरून कोडं सोडवत.

एकदा दाढ ठणकत होती म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चिमटा घेऊन वाकले, "काय होतंय?" दाजी आ वासलेल्या तोंडानंच ओरडले, "कळ! दाबली तर दिवा लागतो, उठली तर काजवे दिसतात!" आणि दाढेसकट घरी निघून आले.

पण खरी कमाल त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात झाली. वऱ्हाड प्रकाशा गावचं. नवरदेवाच्या काकांना उपरणं द्यायचं राहून गेलं आणि काका मांडवाकडे पाठ करून बसले. "लगीन व्हवाव नही!" उपरणं आणलं, तर ते म्हणाले, आता नको. मुहूर्त सरत चालला. दाजींच्या आई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. शेवटी सगळ्यांनी दाजींनाच काकांपुढे ढकललं. दाजी हात जोडून उभे राहिले खरे, पण ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललेलं. मी जवळ जाऊन ऐकलं, तर "गळ्यात पडला तर मान ताठ, पदरी पडली तर मान खाली. दोन अक्षरं..."

मी त्यांची बाही ओढली. तेवढ्यात फुलांची परडी घेऊन कोणीतरी समोरून गेलं आणि दाजी हर्षानं किंचाळले, "हार! अहो, हार!"

काका सावकाश वळले. "हार मानी ना तुम्ही?"

"हारच! दुसरं काय असणार?" दाजींच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

ते पाणी बघून काका विरघळले. "अरे भाऊ, रडस काय? सोयरीकम्हा कसानी हार नि कसानी जीत!" त्यांनी दाजींना मिठी मारली. लग्न लागलं. मिठीतून सुटल्यावर दाजींनी माझा खिसा चाचपत एवढंच विचारलं, "पेन्सिल शे का तुन्हाजोडे?"

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी. ताई आयुष्यभर त्या कोड्यांच्या नावानं बोटं मोडत आली होती, पण आता तीच चौथीपर्यंतच्या शिक्षणावर अडखळत सूत्रं वाचून दाखवू लागली. मी भेटायला गेलो तेव्हा ती वाचत होती, "पाण्यात तरते, माणसालाही असतं." दाजी गप्प. बऱ्याच वेळानं ताईच लाजत म्हणाली, "नाव?"

"वा!" दाजी म्हणाले. ती खुशीत चहा टाकायला आत गेली.

मी हळूच विचारलं, "दाजी, एवढं सोपं तुम्हाला येत नव्हतं?"

पट्टीखालचा चेहरा हसला. "येत व्हतं रे. पन इतला वरीसम्हा पहिलांदाव ती मन्हाजोडे बशी ऱ्हायनी. लवकर सांगं तर उठी जाई ना ती."