वारा वरूनच जाते

कोरपन्याजवळच्या एका गावात मी डुकरांना लस टोचायला जातो. तिथे डुकरं पाळणाऱ्या एक बाई आहेत. त्या कमी बोलतात, आणि पिलाच्या पाठीवर हात फिरवल्याशिवाय त्याच्या वाढीबद्दल काही सांगत नाहीत. यंदा मे महिन्यात त्यांची डुकरं नुसती धापा टाकत होती. खाणं सुटल्यामुळे वाढही थांबली होती. मी शेडमध्ये उभा राहिलो, तेव्हा खिडकीतून वारा लागला. "हवा तर चांगली आहे, बाई. खाद्य बदलून पाहा," असं सांगून मी निघालो.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर भर दुपारी बाई शेडच्या ओल्या फरशीवर डुकरांमध्ये पालथ्या पडलेल्या. मी घाबरून हाक मारली.

त्या न उठताच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी उभ्यानं पाह्यलं. डुक्कर तं दिवसभर आडवं राह्यते. इथी खाली पाण्याची वाफ होऊन राह्यली, अन् वारा वरूनच जाते."

मग त्या उठल्या आणि पहारीने भिंतीच्या तळाची वीट काढली. एक गाभण डुकरीण सरकत आली आणि त्या भोकाशी नाक लावून निजली. बाई दुसऱ्या विटेकडे वळल्या.

मी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "अजून एक पहार आहे का?"