मागचे काका

माझा भुतांवर विश्वास नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. डोंबिवलीच्या आमच्या हौशी नाटकमंडळात भूत नेहमी मीच व्हायचो. टाल्कम पावडर, काजळ, विंगेतून सोडलेला धूर... भूत कशाचं बनतं याची अख्खी रेसिपी मला पाठ आहे. त्यामुळे या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचतो, हसतो आणि कप धुऊन ठेवतो. आज माझी पाळी आलीये. हसा खुशाल. मीही हसतच लिहितोय, कारण या प्रकरणात मी घाबरलो कमी आणि माझा अपमान झाला जास्त.

तर मंडळी, मी आणि माझी बायको संजीवनी, दोघांनी मिळून एक खेळ लिहिला. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम. माहीत नसेल त्यांच्यासाठी – चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. म्हणजे नाटकच, पण पाठांतर नाही आणि नेपथ्याचा खर्च नाही. मी तर पहिल्या डावातच विरघळलो. आमच्या खेळाचं नाव 'वेस'. गावाच्या वेशीवर एक राखणदार उभा आहे. तो कोणाला आत सोडतो आणि कोणाला नाही, यावर सगळी गोष्ट.

लिहिणं जमलं. पण पुस्तकाला चित्रं लागतात, आणि आम्हा दोघांना साधं मांजर काढता येत नाही. मग इंटरनेटवरून शोधून फ्रीलान्स चित्रकार धरले. गाव आलं, विहीर आली, सरपंचीणबाई तर फर्मास आल्या. अडला तो राखणदार. आणि कव्हरवर तर तोच हवा होता.

पहिल्या चित्रकाराने त्याला शिंगं, खांद्यावर केप आणि कपाटासारखी छाती दिली. संजीवनी म्हणाली, "हा वेस नाही राखत, जिम राखतो." दुसऱ्याने लाल डोळे आणि हातात गदा. तोही गेला. बिचाऱ्यांची चूक नव्हती. आम्ही दिलेल्या वर्णनातच लिहिलेलं, 'भयानक, पण मायाळू'. असल्या वाक्याचं चित्र काढून दाखवा म्हणावं कोणी.

या राखणदारापायी आमचा खेळ आधी एकदा बासनात गेलेला. आता ठाण्यात गेम खेळणाऱ्यांचा एक मेळावा भरणार होता आणि तिथे आम्हाला टेबल मिळालेलं. संजीवनीने बजावलेलं, की या खेपेला कव्हर झालं नाही तर विषय कायमचा बंद, मग ती पुन्हा त्या फाइलला हात लावणार नाही. ती बोलते ते करते. आणि खेळाचा सगळा जीव तिच्या लिखाणात होता. मी फक्त आवाज काढतो.

शेवटची आशा होती केतकी, नागपूरची मुलगी. तिच्याकडेही तो एकच रविवार होता, सोमवारपासून ती दुसऱ्या मोठ्या कामात अडकणार होती. मी तिला म्हटलं, शब्दांत सांगून सगळे फसलेत, मी करूनच दाखवतो. तू व्हिडिओ कॉलवर बघ आणि काढ.

रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, आमच्या हॉलमध्ये हा प्रयोग झाला. सोफा सरकवलेला. मागची भिंत नुकतीच रंगवलेली, त्यामुळे घड्याळसुद्धा उतरवलेलं. समोर फोन धरून संजीवनी. मी धोतर नेसलो, डोक्याला पंचा गुंडाळला आणि सुरू झालो. हात फाकवले, नखं बाहेर काढली, डोळे वटारले, पोटातून असा हुंकार काढला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी येऊन बेल वाजवली. संजीवनीने तिकडे लक्षच दिलं नाही.

केतकी म्हणाली, "काका, थोडे डावीकडे सरकता का?"

मला वाटलं, प्रकाशाचं काहीतरी असेल. सरकलो आणि पुन्हा हुंकार काढला.

"अजून थोडे. मागचे काका दिसून नाही राहिले."

मी हे विनोदात घेतलं. नागपूरची माणसं गोड बोलून टोपी उडवतात हे ऐकून होतो. आणखी सरकलो. मग पलीकडून फक्त कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज यायला लागला. मी इकडे गर्जतोय, पाय आपटतोय, घामाघूम... थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "तुम्ही थांबले तरी चालते, काका."

काम झाल्यावर तिने आमचे आभार मानले आणि मागच्या काकांनाही थँक्यू सांगायला सांगितलं. ते काय भारी उभे राहतात म्हणे. फोन बंद झाला. संजीवनीने माझ्यामागे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे भिंत होती. फिकट पिस्ता रंगाची, कोरी.

दुपारी स्केच आलं.

त्यात मी नव्हतो. एक सडपातळ, काळासावळा म्हातारा होता. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. अंग जरा तिरकं, आणि एक हात कमरेइतका खाली धरून तळवा आपल्याकडे उघडा, उधळलेल्या बैलाला थांबवतात तसा. पण तोंड मात्र बाजूला वळवलेलं. तो तुमच्याकडे बघतच नाही. आणि तरी चित्र बघताना आपला पाय आपोआप थबकतो. भयानक, पण मायाळू. अक्षरशः.

मला पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हती, असूया होती. मी एवढा घसा फोडतोय आणि हा माणूस काहीही न करता सीन खाऊन गेला! रंगभूमीवर याला क्षमा नाही. संजीवनी मात्र चित्राकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "हाच."

मग केतकीला फोन लावला. तिला वाटत होतं, आमच्याकडे कोणी पाहुणे आलेत आणि मी त्यांनाही हौसेने उभं केलंय. तिने कॉल चालू असताना स्क्रीनशॉट काढून ठेवलेला. तो तिने उघडला, मोठा करून पाहिला. नंतर आम्हालाही पाठवला. त्यात पिस्ता भिंत, आणि एका कोपऱ्यात नखं काढलेला मी. मधली जागा रिकामी. तिने विचारलं, पाठीशी कमरेला ते लाकडाचं हूक कसलं होतं, कोयता अडकवलेलं? मी चित्र नीट पाहिलं. आकडी. आपल्याकडची जुनी माणसं कमरेला दोरीने बांधायची ती. नागपूरच्या मुलीने कुठे बघितली असेल?

आता गंमत ऐका. केतकीचा नियम असा, की चित्रासाठी जो पोज देतो त्याचं नाव पुस्तकाच्या श्रेयपानावर गेलंच पाहिजे. मी लगेच माझं नाव सुचवलं. शेवटी कॉल माझा, धोतर माझं.

"नाही काका," ती म्हणाली. "कोणी का असेना, पोज त्यांची आहे."

पुस्तक छापून आलं. श्रेयपानावर चित्रकारांच्या नावांखाली एक ओळ आहे – 'राखणदाराची मुद्रा : मागचे काका.'

ठाण्याच्या मेळाव्यात जे झालं ते सांगताना माझी छाती पहिल्या चित्रकाराने काढली होती तेवढी होते. लोक कव्हरपाशी थबकत. खरंच थबकत, चालता चालता. पोरंपोरी आमच्या टेबलासमोर तसा हात खाली धरून, मान वळवून फोटो काढत होती. संध्याकाळच्या आधीच सगळ्या प्रती संपल्या. संजीवनीला सह्या करून करून हात दुखत होता, आणि ती मला पुनःपुन्हा सांगत होती की हात दुखतोय. इतक्या आनंदाने तक्रार करताना मी तिला कधी पाहिलेली नाही.

शेवटची प्रत घेतली एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. बरोबर तिचे वडील. गळ्यात जाड चेन, पांढरा कडक शर्ट, हातात गाडीची चावी. घोडबंदर रोडच्या आतल्या एका जुन्या गावचे, मूळचे शेतीवाले. आपण त्यांना दादा म्हणू. पैसे देताना दादांची नजर कव्हरवर गेली. त्यांनी चावी मुलीकडे दिली, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि त्या गर्दीत स्वतःच तसे उभे राहिले. हात खाली, तळवा उघडा, मान वळलेली. हुबेहूब. बाकी सगळी पोरं नक्कल करत होती, हा माणूस नुसता उभा होता.

"आमचा आजा असाच उबा र्‍हायचा," ते म्हणाले. "जत्रेच्या दिवशी, वेशीवर. भायेरून येईल त्याच्याकडं बगायचं नाय, नुस्ता हात दाखवायचा. तो हात उचलंल तवा गाड्या आत. तुमाला कोनी सांगितलं?"

मी जे घडलं ते सांगितलं. माझे हुंकारसुद्धा लपवले नाहीत. ते हसले नाहीत. मी म्हटलं, आजोबांचं नाव द्या, पुढच्या छपाईत मानाने घालतो. त्यांनी श्रेयपान उघडून ती ओळ वाचली.

"र्‍हाऊ द्या. वेशीवर उबा आसला की त्याचं नाव नाय घेत. हाये तेच बराबर हाये."

मला राहवेना. म्हटलं, "दादा, पण तुमचं गाव तिकडे, मी डोंबिवलीत. मध्ये अख्खी खाडी. माझ्या हॉलमध्ये त्यांचं काय काम?"

त्यांनी पुस्तक काखोटीला मारलं. "वेस गेली ना आमची, टॉवर आला तिथं. मंग मानूस कुटंतरी उबा र्‍हानारच."

आणि गेले मुलीच्या मागोमाग.

झालं ते एवढंच. मी सगळे तर्क लढवून पाहिलेत. कॅमेऱ्याचा दोष, भिंतीवरची सावली, केतकीची कल्पनाशक्ती... एकही उत्तर त्या आकडीपाशी टिकत नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी चहाबरोबर वाचेन.

आता रविवारी आमच्या हॉलमध्ये 'वेस'चे डाव रंगतात. राखणदाराचा प्रवेश आला की मी त्या भिंतीपुढून बाजूला होतो आणि आवाज कोपऱ्यातून देतो. संजीवनी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच मी कोणासाठी मधली जागा सोडली. प्रवेश संपला की टाळ्या पडतात. मी त्या वाकून घेतो... पण आधी भिंतीकडे वळतो, आणि ज्याच्या त्याला पोचवतो.