अभ्यासिकेतला जॅमर

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अभ्यासिका सुरू केली. तीस खुर्च्या, तीस टेबलं, चार पंखे. भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला येणारी मुलं-मुली सकाळी आठला येत आणि संध्याकाळपर्यंत बसत. बसत म्हणजे पुस्तक उघडून बसत. पुस्तकाच्या आड फोन असे. मी फेरी मारायला गेलो की पडदे काळे होत आणि पाठ फिरली की पुन्हा उजळत. चौथ्यांदा परीक्षेला बसलेला सव्वीस वर्षांचा एक जण दिवसभर एका हातानं फोनचा पडदा सरकवत असे. त्याचे वडील शेती बघत, आणि दर महिन्याला मला विचारून जात, "पोरगं अभ्यास करतंय न्हवं?" मी हो म्हणत असे.

सांगून पाहिलं. फोन बाहेर ठेवायला खोकं केलं, तर मुलं दुसरा फोन खिशात ठेवू लागली. शेवटी ओळखीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून मी फोनची रेंज अडवणारा जॅमर मिळवला. डब्याएवढं काळं यंत्र, वर चार-पाच दांड्या. ते पाहून बायको म्हणाली, "हे लावायला सामान्य माणसाला बंदी आहे ना?"

"भोंगे लावायला परवानगी आणि शांततेला बंदी. हा काय कायदा झाला? खरं तर हे प्रत्येकाला लावू द्यायला पाहिजे."

"तुम्हीच ठरवणार, कुणाचा फोन लागावा आणि कुणाचा नाही?"

मी यंत्र पुस्तकांच्या कपाटामागे बसवलं आणि मुलांपैकी कुणालाच सांगितलं नाही.

पहिले काही दिवस मला फार समाधान वाटलं. मुलं फोन हातात धरून खिडकीशी जात, मग कंटाळून पुस्तकाकडे वळत. चौथ्या वेळच्या त्या मुलानं एका आठवड्यात एक अख्खं पुस्तक संपवलं. वरून पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि मी खाली चहा घेत तो ऐकत बसायचो.

या सगळ्यांत जतकडची एक मुलगी होती. धनगराची, मामाकडे राहून शिकणारी. भिंतीकडे तोंड करून बसायची आणि दुपारी जिन्यात बसून भाकरी खायची. फोनला उगाच हात न लावणारी ती एकटीच. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव होतं. जागा रिकामी झाली तर फोन करू, असं त्यांनी सांगितलं होतं. तोवर ती पोलीस भरतीचा अभ्यास करत होती.

एकदा तिनं विचारलं, "सर, हितं रेंज का येत न्हाई? मला फोन यायचा हाय."

मी म्हणालो, "स्लॅब जाड आहे."

इतक्या सहज म्हणालो की मला स्वतःलाही ते खरं वाटलं. त्यानंतर ती दर तासाला खाली रस्त्यावर जायची, दोन मिनिटं फोन वर धरून उभी राहायची आणि परत यायची. ते मी रोज पाहत होतो. आमचं गाव पाटणच्या वर डोंगरात आहे. माझी आई माझ्याशी फोनवर बोलायला टेकावर चढून जायची, हेही मला माहीत होतं. तरी यंत्र बंद करावं असं माझ्या मनात आलं नाही.

एका सोमवारी मी तीन तासांची सराव परीक्षा ठेवली. अकरा ते दोन. मधे कुणी उठायचं नाही, असं बजावलं. बाराच्या सुमारास तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बोटानं पेपर दाखवला. तिनं मान खाली घातली.

दोन वाजता ती खाली गेली. थोड्या वेळानं मीही उतरलो, तर ती फाटकाशी उभी होती. फोनवर एकामागून एक संदेश येत होते. एकाच नंबरवरून सात वेळा फोन येऊन गेला होता. तिनं उलट फोन लावला, ऐकलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "सर, तुमी बोला. तुमचं ऐकतील."

पलीकडचा कारकून सभ्य होता. "सर, एकच जागा होती. एक वाजेपर्यंत होकार लागत होता. अर्जावरचे दोन्ही नंबर लावून पाहिले. मुलीचा बंद, वडिलांचा क्षेत्राबाहेर. मग पुढच्या नावाला फोन केला. त्यांनी हो म्हटलं."

"काहीच होणार नाही का?"

"आता नाही, सर."

तिचा फोन माझ्या हातात होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या वेळी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी परत अर्ज भर."

"माजाच फोन जुना हाय, सर," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी यंत्राची वायर काढली. ती आणखी आठ-दहा दिवस आली, मग बंद झाली. तिच्या मामांकडून कळलं की गावाकडं नेलं, स्थळ आलं होतं.

पाच-सहा महिने मी ते कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मग एक दिवस बस धरून जतला गेलो आणि तिथून तिच्या वस्तीवर. तिचं लग्न झालं होतं, ती राज्याच्या सीमेपलीकडे सासरी होती. वडील मेंढरांना टँकरचं पाणी पाजत होते. त्यांनी मला बाजेवर बसवलं. मी सगळं सांगितलं, स्लॅबचं खोटंसुद्धा.

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"म्हंजे फोन चांगला हुता?"

"हो."

"मी तिला लय बोललो, सर. फोन बी सांभाळता येत न्हाई म्हणून." मग म्हणाले, "आता तिला सांगू नगासा. तिकडं ती कशीबशी रमलीया. तुमचं नाव घेती अजून, सरांनी लय शिकवलं म्हणती."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला आणि बसपर्यंत सोडायला आले.

मी तिला सांगितलं नाही. ते वडिलांनी नको म्हटलं म्हणून, की मला सुटका हवी होती म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

अभ्यासिका अजून चालू आहे. मुलं फोन बघतात. चौथ्या वेळचा तो मुलगा पाचव्यांदा नापास झाला. त्याचे वडील येतात, विचारतात, आणि मी हो म्हणतो.

मागच्या महिन्यात क्लास चालवणारे एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. मुलं फोनमुळे वाया चालली आहेत, जॅमर सर्वांना खुला करायला हवा, असं म्हणत होते. मी त्यांना त्या मुलीची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हळहळ व्यक्त केली. चप्पल घालताना ते म्हणाले, "पण सर, किती फुटांपर्यंत चालायचा तो?"

मी सांगितलं नाही. त्यांना ते दुसरीकडून कळेल. ते गेल्यावर मी दारातच उभा होतो. वर कुणाचा तरी फोन वाजत होता आणि कुणी तो उचलत नव्हतं.