कोणती भरती?

मंडळी, आज नांदेड-लातूर एसटीत शेजारी किल्लारीचे एक काका बसले होते. माझ्या मांडीवर कोकण किनाऱ्याचा नकाशा पसरलेला. "कशाचा अभ्यास चाललाय, पोरी?"

"भरतीचा."

"पोलीस का तलाठी? क्लास लातूरलाच लावला आसंल!"

मला हसू आवरेना. सांगितलं, ही समुद्राची भरती, काका. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. समुद्राची पातळी वाढत चाललीय, तर किनाऱ्यालगतचे कोणते रस्ते आणि पूल आधी पाण्याखाली जातील, ते शोधतेय.

"आपल्याकडं समुद्रच न्हाई. तुला काय करायचंय त्याचं?"

हे घरचेही रोज ऐकवतात. प्रोजेक्टचा विषय बदल म्हणतात. आज मात्र मी गप्प बसले नाही. "भूकंपात तुमच्या गावाला मदत कुठून आली होती, काका?"

"लई लांबून. कोकणातूनबी ट्रक आले होते." मग त्यांनीच नकाशा जवळ ओढला. "ते कोणत्या रस्त्यानं आले असतील, दाव बरं."

विषय बदलणार नाही. किनाऱ्यावरच्या मित्रांनो, उधाण आलं की तुमच्याकडचा कोणता रस्ता बुडतो? कमेंटमध्ये लिहा. या भरतीची जाहिरात निघत नसते.