तिसऱ्या हाकेला ओ

जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि आमची गाडी विशाखापट्टणमला सकाळीच पोचली. मध्ये अख्खा दिवस. धाकट्या भावानं फोनवर बजावून सांगितलं होतं, "ताई, दुपारून बंदराच्या गेटवर ये. तवरिक पोरायले फिरव. पाणबुडी दाखव, समुद्रात पाय भिजव, चांगलंचुंगलं खाऊ घाल. मजा करा." मजा करा म्हणे! याच्या जिभेला काही हाड?

भाऊ त्या जहाजावर स्वयंपाकी. आमचं घर चंद्रपूरकडच्या मूल गावातलं, बाप भातगिरणीत पोती उचलायचा, आणि हा पोरगा नागपूरला जाऊन हॉटेलचं शिकला तो थेट दर्यात जाऊन पडला. भावजय छोटीच्या बाळंतपणात गेली तेव्हाही तो पाण्यावरच होता. तो पोचेस्तोवर माती होऊन गेली होती. पाळण्यातली ती पोर आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा तिचा भाऊ, दोघांना मी उचललं आणि धानोऱ्याकडे माझ्या नोकरीच्या गावी नेलं. मी नर्स. लग्न केलेलं नव्हतं, नंतर करायला सवड मिळाली नाही.

आता भावानं दुसरं लग्न केलं होतं. चेन्नईत घर, जमिनीवरची नोकरी, सगळं जमवलं होतं. जहाजावरची ही त्याची शेवटची फेरी, आणि शेवटच्या फेरीत घरच्यांना नेता येतं म्हणे. पोरं जहाजात बसून चेन्नईला जाणार आणि तिथंच राहणार. पोराला हे माहीत होतं. छोटीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की बाबाच्या जहाजात बसायचं. परत कधी यायचं हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग दिली कशाला? तर ऐका. गेल्या पावसाळ्यात पोराला मलेरिया झाला आणि ताप डोक्यात गेला. नाल्याला पूर, रस्ता बंद. अख्ख्या गावाच्या बोटांतून रक्त काढून तपासणारी मी, दारोदार गोळ्या वाटणारी मी, त्याचे झटके येणारे हातपाय धरून नुसती बसून राहिले. पूर उतरल्यावर ट्रॅक्टरवर घालून त्याला गडचिरोलीला नेलं. पोरगा वाचला. त्याच दिवशी मी भावाला फोनवर म्हणाले, "ने बाबा तुझी लेकरं." रागानं म्हणाले की भीतीनं, कोण जाणे. पण त्यानं शब्द धरला तो धरलाच.

आणि खरंच, तिकडे शाळा आहे, डॉक्टर आहे. माझ्याकडे काय होतं? मी शिकवलं ते जंगलातलं शहाणपण. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे बाया भल्या पहाटे फुलं वेचायला जातात, पोरंही सोबत असतात. वाकून वेचता वेचता पोर कधी नजरेआड होतं कळत नाही. त्यासाठी तिथल्या बायांचा एक कायदा आहे. पहिल्या हाकेला पोरानं थांबायचं. दुसरीला आवाजाकडे तोंड करायचं. तिसरी त्याच जागेवरून आली तरच ओ द्यायची आणि निघायचं. हाक मारणाऱ्यानंही पाय न हलवता एका जागी उभं राहून मारायची. एक-दोन हाका भूत मारतं, तिसरी त्याला येत नाही, असं जुन्या बाया सांगतात. मी भूतबीत मानत नाही. पण एक-दोन हाका कुणाच्याही असू शकतात, आणि पहिल्याच हाकेला धावत सुटलेलं पोर भलतीकडे जाऊन वाघापुढे उभं राहतं, एवढं मला कळतं. छोटीनं तर हा कायदा असा अंगात मुरवला होता की जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय हलायची नाही. "काऊन वं, बहिरी झाली का?" मी ओरडायची. "दोनच झाल्या," ती आतून सांगायची.

तर असा तो दिवस. स्टेशनवरच तोंडं धुतली, इडली खाल्ली आणि रिक्षानं समुद्रावर गेलो. छोटी वाळूत उतरली, बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "आत्या, याची पाळ कुठी हाये?" आमच्याकडच्या तलावांना मातीची पाळ असते, तिच्यावर उभं राहिलं की पलीकडचं गाव दिसतं. मी म्हणाले, "याले पाळ नसते बाई." तिला ते काही पटलं नाही. ती पाळ शोधत किनाऱ्यानं चालत राहिली आणि मी तिच्या मागे. पोरगा लाटेत उड्या मारत होता. मी दोघांकडे इतकी टक लावून बघत होते की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि मग ते थांबेचना.

मग किनाऱ्यावर ठेवलेली ती मोठी पाणबुडी बघायला गेलो. आत अंधुक उजेड, चहूकडे नळ्या आणि चक्रं, चालायला एकच माणूस मावेल एवढी वाट. पोरगा हरखून गेला. "आत्या, बाबाचं जहाज याच्याहून मोठं असन ना? मले बाबा इंजिन दाखवणार हाये. किती वाजले? चाल ना आता!" माझं टाळकं फिरलं.

"एवढी घाई हाये तुले? नकोशी झाली का आत्या?"

 तो खाली बघून म्हणाला, "तूच तं म्हणत होती, जा लागते म्हणून."

 माझा बाप नवसाचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचा. त्याची लेक मी, त्या पाणबुडीच्या पोटात भिंतीला टेकून उभी राहिले आणि कुणाला म्हणाले ते मलाही ठाऊक नाही, पण मनात म्हणाले, जहाज चुकू दे. काहीही होऊ दे, पण आज हे जहाज चुकू दे.

बाहेर आलो. ऊन चटकत होतं. सुटीचा दिवस असावा, माणसांची जत्रा भरली होती. कणसाच्या गाडीपाशी मी थांबले. पैसे द्यायला छोटीचा हात सोडला, कणीस घेतलं आणि वळले, तर छोटी नाही.

आधी वाटलं, असेल इथंच. पोराकडे बघितलं, तर तो कणीस खात होता. "छोटी कुठी हाये?" त्यानं इकडे तिकडे मान फिरवली आणि त्याचं तोंड बारीक झालं. 

त्याचं मनगट धरलं आणि धावत सुटले. गाडीच्या मागे एक हाक मारली, पाणबुडीच्या दाराशी एक. पाण्याकडे पळाले, तिथं एक. प्रत्येक लाल फ्रॉकला धरून तोंड बघत होते. लोक काय काय विचारत होते, तेलुगूतलं मला एक अक्षर कळेना. मी हिंदीत सांगायची, बच्ची, लाल फ्रॉक, इतनी सी, आणि हात दाखवायची कमरेएवढा. समुद्र तर शेजारीच होता. ती पाळ शोधत पाण्यात गेली असली तर? हा विचार आला आणि मला उलटी झाली, तिथंच वाळूत. एका पोलिसानं भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, पण ते त्याच्या तोंडून असं निघालं की माझं मलाही ओळखू येईना. पोरगा रडत होता, "आत्या, हात दुखून राह्यला," आणि मी त्याला फरफटत नेत होते. काय सांगू, माणूस वेडं होतं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी बोलले तसंच झालं होतं. काहीही होऊ दे म्हणाले होते ना? घे मग!

 शेवटी मी पाणबुडीपुढच्या वाळूत बसकण मारली. आता मागणं उलटं झालं होतं. पोरगी मिळू दे. कुणाचीही होऊ दे, चेन्नईत राहू दे, मला विसरू दे, पण मिळू दे. उठवत नव्हतं म्हणून बसल्या जागीच तिच्या नावानं ओरडले. पुन्हा ओरडले. पुन्हा.

"ओ!"

इतक्या जवळून आली ती ओ. कणसाच्या गाडीपलीकडे नारळाची झाडं होती. त्यातल्या एकाला पाठ लावून, गर्दीआड छोटी उभी होती, हरवल्यावर उभं राहायचं म्हणून शिकवलं होतं अगदी तशी. फ्रॉक झटकत ती चालत आली, आणि रडणं राहिलं बाजूला, माझ्यावरच डाफरली. "एक हाक मारून कुठी पळत होती वं तू? एक इकडून, एक तिकडून. मी कवाची थांबून हाओ!"

मी तिला छातीशी धरलं, पाठीत एक धपाटा घातला, पुन्हा धरलं. कणीसवाली बाई हसायला लागली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मग पोरगा हळूच म्हणाला, "आत्या, जहाज."

उन्हं कलली होती. तिथंच बसून राहिले असते तर जहाज आपोआप चुकलं असतं, मला कुणी बोल लावला नसता. मी उठले. सकाळी जहाज चुकू दे म्हणणारी मीच, रिक्षात पुढे वाकून "जल्दी करो भैया, जल्दी करो," म्हणत होते.

गेटवर भाऊ पांढऱ्या कपड्यांत येरझारा घालत होता. पोरगा धावत जाऊन त्याला बिलगला. छोटी माझ्या पदराआडून बघत म्हणाली, "मोबाईलमधला बाबा एवढा उंच कसा?" भावानं तिच्यासमोर गुडघे टेकले. वर माझे भरलेले डोळे बघून म्हणाला, "ताई, इथी रडू नको ना, मलेही रडू येते." "मग रड की मेल्या," मी म्हणाले, "मी काय तुझ्या परवानगीनं रडू?"

आत जायची वेळ झाली. छोटीनं विचारलं, "आत्या, तू?"

"माझं तिकीट नाई."

तिनं विचार केला. "मग तू इथीच थांब. मी जाऊन येतो." दोन पावलं गेली आणि परत आली. "अन् पुन्हा हरवली मी, तं पळू नको. एका जागी उभी राहून हाक मार."

ती बाबाचं बोट धरून रांगेत गेली. पिशव्या तपासणाऱ्या यंत्रापलीकडे काचेचं दार होतं, ते उघडत मिटत होतं. मी कठड्याला धरून उभी होते. ठरवलं काहीच नव्हतं, पण दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडून तिचं नाव निघालंच.

छोटी थांबली.

दुसरी हाकही निघाली. तिनं वळून, एवढ्या माणसांतून, बरोबर माझ्याकडे तोंड केलं. भाऊ तिला ओढत होता, ती हलेना. तोंड उघडून ती तयार उभी होती. आता एक हाक मारली असती, तर बापाचं बोट सोडून, माणसांच्या पायांतून वाट काढत ती माझ्याकडे धावत आली असती, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

ती वाट बघत राहिली. मग भावानं तिला कडेवर उचललं, तरी त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडेच बघत होती, दार मिटेपर्यंत. रागावली नव्हती, रडतही नव्हती. दोन हाका कुणाच्याही असू शकतात, हे मीच तिला शिकवलं होतं.