तबकडीच्या शेवटी सांगितलेलं नाव

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं गरगरतं. नोकरीत मी दरोडे उलगडले, खून उलगडले. पण एका लावणीनं मला जेवढं फिरवलं तेवढं कुठल्या दरोडेखोरानं फिरवलं नाही.

महाराजांची कारकीर्द होती आणि मी कोल्हापुरात फौजदार होतो. तबकड्या वाजवणारा फोनो गावात नवा होता. तबकड्या विकणारे एक अत्तरवाले मियाँ एके दिवशी धापा टाकत चौकीत आले, मागोमाग चिडलेल्या गिऱ्हाइकांचा घोळका. गावातल्या एका नामांकित गाणाऱ्या बाईंची लावणी तेव्हा तबकडीवरून घरोघरी वाजत होती. आता तीच लावणी बाईंच्याच नावाच्या नव्या तबकडीवर आली होती. लोकांनी झुंबड करून ती नेली, लावली, तर आत एक म्हातारा घोगऱ्या आवाजात गात होता!

"साहेब, लोक दुकानाला काडी लावतील माझ्या," मियाँ म्हणाले. "त्या ठकाला धरा."

मियाँचा फोनो आणवून मुद्देमाल म्हणून तबकडी चौकीतच वाजवली. गाणं बाईंचंच, पण चाल संथ, नुसत्या डफावर. गाणं संपलं आणि म्हातारा ठणकावून बोलला, "मी अमुक बाई, कोल्हापूरकर." बाईंचं खरं नाव इथं देत नाही, पण त्यानं ते स्वच्छ उच्चारलं होतं. मियाँनी खुलासा केला की गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं असतं. विलायतेतले कारखानदार त्यावरूनच तबकडीवर नावाचा कागद चिकटवतात.

पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचा टाक थांबला. "साहेब, काय लिहू? बाप्या का बाई?"

"ऐकलंस ते लिही," मी खेकसलो. मला तरी कुठं कळत होतं!

खबर मिळाली ती चौकीत दूध घालणाऱ्या गवळ्याकडून. कर्ण्यातून येणारा आवाज ऐकून तो दारातच थबकला. "ह्यो गळा वळकतो की म्या. उचगावचा शाहीर हाय त्यो. जत्रंत ऐकलाय."

शिपायानं शाहिराला आणून उभं केलं. पांढऱ्या मिशा, स्वच्छ फेटा, काखेत डफ. ठकबाजी शाबीत झाली असती तर या वयात तुरुंगात खडी फोडावी लागली असती, आणि तो पाहुण्यासारखा इकडंतिकडं बघत होता.

"हा आवाज तुझा?"

"व्हय, माझाच."

"गाणं कुणाचं?"

"माझंच की. म्याच रचलंय."

"मग शेवटी बाईंचं नाव का घेतलंस?"

"तबकडी सपली की तसंच म्हनायचं असतंय, सरकार."

मी टेबलावर हात आपटला. थट्टा करतोस काय, म्हणून ओरडलो. तोच प्रश्न उलटसुलट विचारला, उत्तर तसूभर हललं नाही. खोटं बोलणारा माणूस कुठंतरी घसरतो, हा घसरेचना. माझा पारा चढत गेला आणि म्हातारा मात्र माझ्याकडं काळजीनं बघू लागला.

शेवटी बाईंना बोलावणं धाडलं. नावाची नाचक्की झाली म्हणून त्या तावातावानं टांग्यातून उतरल्या. तबकडी ऐकली आणि कर्ण्याजवळ सरकल्या.

"ह्यो तर आबांचा गळा! साहेब, गाणं त्यांचंच हाय. त्यांनीच शिकवलंय मला."

"पुरावा?"

"शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव हाय. तबकडी लहान पडली, म्हणून ते कडवं माझ्याकडनं ऱ्हायलं."

म्हाताऱ्याची चाल संथ, तेव्हा ते त्याच्याही तबकडीत मावलेलं नव्हतं. मी पोलिसी रिवाज पाळला. बाईंना एका खोलीत बसवलं, म्हाताऱ्याला दुसरीत, आणि दोघांकडून ते कडवं वेगवेगळं वदवून घेतलं. शब्दाला शब्द जुळला. त्यात शाहिराचं नाव होतं, उचगावचंही होतं.

गाण्याचा मालक ठरला, पण माझा मूळ घोळ कायम होता. म्हणून आवाज खाली आणून विचारलं, "आबा, आजवर तबकड्या किती ऐकल्यास?"

"येकच. बाईंची. उचगावच्या पाटलांच्यात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यात ऐकलेल्या त्या एकुलत्या तबकडीच्या शेवटी बाई स्वतःचं नाव सांगत होत्या. भजनाच्या शेवटी जयजयकार करतात, तसं तबकडीच्या शेवटी हे म्हणायचं असतं, असं त्याला वाटलं होतं. विलायतेहून ध्वनिमुद्रणाला आलेल्या मंडळींच्या कारकुनानं खूण केली आणि यानं ते मनोभावे म्हटलं.

त्याला नीट समजावून सांगितलं. मियाँ पोट धरून हसले आणि फिर्याद मागे घेतली. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र आता पडला. एवढा वेळ अटकेत होता तेव्हा पडला नव्हता.

"मंजे माझं नाव कुटंच न्हाय व्हय?"

ध्वनिमुद्रण करणारी मंडळी केव्हाच परत गेली होती. मला फार वाईट वाटलं. मी चोरीचा माल परत मिळवून देत असे, पण हा माल कुठून आणून देणार? बाई टांग्यात बसून निघून गेल्या.

पुढं उचगावच्या जत्रेत मी बंदोबस्ताला होतो. बाईंनी ती लावणी शेवटच्या कडव्यासकट गायली. मग पदर सावरून पुढं आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी अमुक शाहीर, उचगावकर!" नाव म्हाताऱ्याचं होतं. लोक एकमेकांची तोंडं बघू लागले.

खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. खरं बोलणारा कळायला त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं, हे त्या प्रकरणानं मला शिकवलं. पण त्या क्षणी असलं काही सुचलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पुढच्याच रांगेत म्हातारा फेटा सावरत शेजाऱ्याला समजावत होता, "गानं सपलं की तसंच म्हनायचं असतंय."