एकटीसाठी चालवलेला विषय

आमच्या कॉलेजात एम.ई.चा अभ्यासक्रम 'चालतो' असं म्हणणं म्हणजे जरा मोठेपणाच होता. विभागप्रमुख म्हणून मी आणि माझा एक सहकारी असे दोघं मिळून तो ढकलत होतो. कॉलेज तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या कारखान्यांच्या पुढे, विद्यार्थी बहुतेक कारखान्यांत नोकरी करणारे, म्हणून वर्ग शनिवारी. कागदावर आम्ही सहा शिक्षक होतो. त्यातले चार जण बी.ई.च्या वर्गांत गळ्यापर्यंत बुडालेले असत आणि आमच्या मजल्यावर फक्त तपासणी समितीबरोबर दिसत.

दोघांत सगळं बसवायचं म्हणून मी एक युक्ती काढली होती. वैकल्पिक विषय आलटून पालटून द्यायचे. एका बॅचला घर्षण आणि वंगण, पुढच्या बॅचला डेटा, म्हणजे संगणकावर आकडेवारीचं विश्लेषण. घर्षण सहकारी शिकवायचा, डेटा मी. प्राचार्य खूश झाले होते. फुकटात होणारी कुठलीही गोष्ट त्यांना आवडते.

मग उन्हाळ्यात सहकारी गेला. मोठ्या कॉलेजात, चांगल्या पगारावर. मी त्याचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन रडले. त्याच्या जागी कोणी येणार नव्हतं आणि नवे प्रवेशही बंद झाले होते. शेवटच्या वर्षाची सात मुलं तेवढी उरली होती. त्यांची पाळी डेटाची. ती बाहेर पडली की अभ्यासक्रमाला कुलूप.

अशात ती आली. आदल्या बॅचची, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर. तंजावरकडच्या मराठी घरातली, शब्द जुने आणि हेल तमिळ. मी नाशिकची. या कॉलेजात मराठी बोलायला मला तीच एक होती. बाळंतपणात तिचा घर्षणाचा विषय अर्धवट सुटला होता आणि नियमाप्रमाणे तिला तोच पुरा करायचा होता.

"मॅम, तेवढा एकच राहिला की," ती म्हणाली. "पदवी हाती आली तर ऑफिसात घेतो म्हणतात. लेकरू झाल्यावर रात्रपाळी होत नाही हो."

मी प्राचार्यांकडे गेले. "पाक्कलाम," ते म्हणाले. म्हणजे बघू. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून यापेक्षा ठाम शब्द मी क्वचितच ऐकला असेल. मी खुर्चीवरून हलेना, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, एका मुलीसाठी वर्ग नाही चालवता येणार. त्या सातांनी तोच विषय घेतला तर माझी ना नाही."

मी सातांना बोलावलं. सहा जण घड्याळाकडे बघायला लागले. सातवा अंबत्तूरच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचा. तो म्हणाला, "मॅम, मी इथे डेटासाठी आलो. मला लेथ सोडून बाहेर पडायचंय. तिचं तिने बघावं."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी समजावलं, मग रागावले, आणि शेवटी सरळ हात जोडले. विभागप्रमुखाने पोरांपुढे हात जोडावेत का, हे मला विचारू नका. दुसरं काही सुचतच नव्हतं. डेटा मी जादा तास घेऊन शिकवीन असंही म्हणाले. ते कधी जमणार होतं, देव जाणे. सहा जण तयार झाले. विषय बदलाच्या अर्जावर लेथवाल्याने सगळ्यांत शेवटी सही केली, माझ्याकडे न बघता.

घर्षण मला येत नव्हतं. आठवडाभर मी बी.ई.चे तास घ्यायचे, पेपर तपासायचे आणि मधल्या वेळात सहकाऱ्याने ठेवलेली पुस्तकं वाचायचे. शनिवारी फळ्यासमोर उभी राहिले की माझ्याकडे मुलांपेक्षा जेमतेम एका धड्याची आघाडी असे. लेथवाल्याला ते कळत होतं. तो नेमका पुढच्या धड्यातला प्रश्न विचारायचा आणि माझी फजिती शांतपणे बघत बसायचा. जादा तास एकही झाला नाही. त्याने तेही कधी बोलून दाखवलं नाही, आणि ते मला जास्त लागायचं.

आणि जिच्यासाठी हे सगळं, तिचेच खाडे होऊ लागले. कधी पाळी बदलली, कधी सासू गावी गेली. आली तरी डोळे मिटत असत. हजेरी कमी भरली की परीक्षेला बसू देत नाहीत आणि हजेरीच्या बाबतीत मी किती कडक आहे हे कॉलेजभर माहीत आहे. दुसऱ्याच्या नंबरावर 'येस मॅम' म्हणणाऱ्याला मी पूर्ण सत्र वर्गाबाहेर ठेवलेलं आहे. शेवटी अशी वेळ आली की आणखी एक खाडा झाला असता तर तिचा विषय गेला असता, आणि तो पुन्हा कधीच चालणार नव्हता. वर्गातही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"मॅम, लेकराला ज्वर आला. सोडून येववत नाही."

"आज आली नाहीस तर संपलं," मी म्हणाले. "कळतंय ना तुला?"

मागे बाळ किरकिरत होतं. "होय मॅम," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मला तिचा राग आला, प्राचार्यांचा आला, सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा आला. सगळ्यांत जास्त माझा आला. सात जणांचा विषय मी हिरावून घेतला होता आणि तो कोणाच्याच कामाला येणार नव्हता.

वर्गात जाऊन मी हजेरी घेतली. सात नंबर झाले. तिचा आठवा, तो पुकारू नये असं फार वाटलं. तरी पुकारला. वर पंखा कुरकुरत होता.

"येस मॅम."

आवाज पुरुषाचा होता, मागच्या बाकावरून आलेला. लेथवाला सरळ माझ्याकडे बघत होता. बाकीच्या सहांनी माना वह्यांत घातल्या होत्या. त्याला बाहेर काढायचं तर आत्ताच, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी तिची हजेरी लावली. मग पुस्तक उघडून, त्याने कधीच न मागितलेला विषय मी त्याला पुढे शिकवायला लागले.